चारशे सोळा नंबरचं खापर

सुटले बाई एकदाची! गुरुवारी संध्याकाळी घरी आले, पर्स सोफ्यावर फेकली आणि शूज न काढता तशीच बसले. प्रल्हाद, म्हणजे माझा नवरा, किचनमधून म्हणाला, "काय झालं?" म्हटलं, "काही झालं नाही. व्हायचं होतं ते टळलं. चहा कर." त्याने निमूट चहा केला. गेला आठवडाभर या घरात माझ्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती.

आता डोकं थंड झालंय तर नीट सांगते. गोष्ट मिल्कामावशींची आहे, माझी नाही. पण मी मध्येमध्ये येणार, माझा स्वभावच तसा आहे.

मिल्का पेझारकर. वय बहात्तर, उंची पाच फुटांना जरा कमी, साडीवर स्वेटर आणि पायात पांढरे स्नीकर्स. पिस्कॅटवेला एका जुन्या अपार्टमेंटमध्ये दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. 'मिल्का' ऐकून लोक त्यांना गोव्याच्या ख्रिश्चन समजतात आणि 'पेझारकर' ऐकलं की गोंधळतात. मावशी बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडच्या मराठी ज्यू. त्यांचे पूर्वज म्हणे गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तेल गाळायला लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हणायला सुरुवात केली. मावशी बोलतात मराठीत, भांडतात मराठीत. देवाशी तेवढं हिब्रूत, तेही अडखळत.

आम्ही दोन हजार साली नागपूरहून अमेरिकेत आलो तेव्हा त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहत होतो. सावनी, माझी मुलगी, तेव्हा दोन वर्षांची. मला ड्रायव्हिंग येत नाही, ओळखीचं चिटपाखरू नाही. तिसऱ्या दिवशी या दारात उभ्या. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पोरगी दुपारपासून रडते. पोट फुगलं असेल. ओवा आहे का घरात?" असा राग आला मला! मी नागपूरची, मला कुणी शिकवलेलं खपत नाही. पण ओवा शेकून लावला, पोरगी झोपली, आणि दुसऱ्या दिवशी मीच वर जाऊन त्यांच्या हातचा चहा पिऊन आले. पुढे मला सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या. प्रल्हाद म्हणतो, हे घरी फुकट करायचीस, आता पगार मिळतो. तेव्हापासून शाळा सुटली की सावनी थेट मावशींकडे. मावशींना मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान शालोमकाका होते तेव्हा ते आणि ती पत्ते खेळत बसायचे.

मावशींची नोकरी एका युनिव्हर्सिटीच्या छोट्या म्युझियममध्ये होती, मागच्या खोलीत. पुढे काचेच्या कपाटांत सुंदर सुंदर मूर्ती, आणि मागे मावशी आणि खोकीच्या खोकी खापरं. सत्तरच्या दशकात इजिप्तमध्ये, नाईल समुद्राला मिळते त्या भागात कुणी खणलं होतं. तेव्हा वाटणीतला हिस्सा बाहेर न्यायची परवानगी असायची, त्यातली ही खापरं. ती धुवायची, वाळवायची, प्रत्येकाच्या आतल्या बाजूला बारीक शाईने नंबर घालायचा, आणि वहीत लिहायचं की हे कुठल्या खड्ड्यातलं, कुठल्या थरातलं. नंबर नसलेलं खापर म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट, कितीही देखणं असलं तरी अभ्यासाच्या कामाचं नाही. पंचवीस वर्षं मावशींनी हे केलं. "मिल्काच्या रजिस्टरमध्ये चूक नसते," असं तिथे सगळे म्हणायचे. हे मला ठाऊक आहे कारण मावशींनी ते मला निदान पन्नास वेळा ऐकवलंय.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या सावनीला बरोबर न्यायच्या. हातात जुना टूथब्रश द्यायच्या आणि खापरं घासायला बसवायच्या. परिणाम काय? इथल्या झाडून सगळ्या मराठी मुली कॉम्प्युटरला गेल्या आणि माझी पोरगी आर्किऑलॉजीला. त्याच युनिव्हर्सिटीत, त्याच खोक्यांवर पीएचडी! पहिली दोन वर्षं मी उठताबसता मावशींच्या डोक्यावर खापर फोडत होते. मावशी हसायच्या. "फोड बाय, मी चिकटवीन."

पोरगी हुशार आहे, हे आईने सांगू नये, पण मी सांगते. पाच मेलेल्या लिप्या वाचते. मराठी मात्र फक्त बोलते. शनिवारची मराठी शाळा मीच बंद केली होती, कारण त्याच वेळी स्विमिंग असायचं. म्हटलं, बोलते ना, बास झालं. प्रोजेक्ट अर्धवट टेस्ट करून सोडला की काय होतं, हे मला कळायला हवं होतं.

तर मार्चच्या सुरुवातीला सावनीचा फोन. "आई, मला एक खापर मिळालंय. त्याच्यावर अक्षरं आहेत. पण तू कुणाला सांगायचं नाही, प्लीज." नंबर नसलेल्या खापरांचा एक ट्रे वर्षानुवर्षं दुसऱ्या इमारतीत पडून होता, त्यात निघालं म्हणे. फोटो बघायला मागितला तर नाही म्हणाली. तिच्या पीएचडीच्या गाईडबाईंनी बजावलं होतं, प्रेझेंटेशन होईपर्यंत फोटो बाहेर जायचा नाही. प्रेझेंटेशन एप्रिलमधल्या एका गुरुवारी, सगळ्या डिपार्टमेंटसमोर. न्यूयॉर्कहून, बॉस्टनहून तज्ज्ञ येणार होते.

फोटो नव्हता, पण तोंड होतं ना मला. आमच्या वेस्ट विंडसरच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एकशे साठ जणी आहेत. मी टाकून दिलं, "सावनीला मोझेसच्या गोष्टीचा पुरावा सापडलाय, देवाची कृपा." नव्वद अंगठे आले. एकीने विचारलं, मोझेस कोण. मोना म्हणून एक आहे, तिने विचारलं, या कोर्सला ॲडमिशन अवघड असते का. सावनीला हे कळलं तेव्हा ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी फक्त एवढंच म्हणाली, "आई, मी मोझेस हा शब्दसुद्धा काढला नव्हता यार."

एप्रिलमध्ये मावशींचा पेसाह आला. वल्हांडण. इजिप्तच्या गुलामीतून मोझेसने त्यांच्या लोकांना सोडवून नेलं त्याची आठवण. आठ दिवस पाव नाही, आंबवलेलं काही नाही, मात्झा नावाची कोरडी पोळी खायची. दरवर्षी त्यातल्या रविवारी आम्ही मायलेकी त्यांच्याकडे जेवायला जातो. नारळाच्या रसातलं मटण, भात आणि ती मात्झा, जी मला आजतागायत आवडलेली नाही. या वर्षी तो रविवार प्रेझेंटेशनच्या चार दिवस आधी आला.

सावनीचं तोंड एवढंसं झालं होतं. डोळ्यांखाली काळं. मी आपली उत्साहाने विचारत होते, "म्हणजे आता सिद्ध होणार ना गं, ते लोक खरंच इजिप्तमधून निघाले होते?"

"तसं नसतं आई," ती म्हणाली. "इजिप्तच्या लेखांत मोझेसचं नाव कुठेच नाही. सिनाईच्या वाळवंटात ते चाळीस वर्षं फिरले म्हणतात, तिथे लोकांनी शोधलं, त्या काळातल्या एवढ्या मोठ्या मुक्कामाची काही खूण मिळाली नाही. एका इजिप्शियन राजाच्या दगडावर 'इस्राएल' हे नाव आहे, बत्तीसशे वर्षांपूर्वीचं, पण ते लोक तेव्हा ऑलरेडी कनानात, म्हणजे आजच्या इस्राएलकडे आहेत. तिथे कसे आले, हे तो दगड सांगत नाही."

"मग काहीच नाही?"

"आहे ना. कनानातले लोक नाईलच्या पूर्वेला येऊन राहायचे हे पक्कं आहे. त्यांची घरं, त्यांची मडकी मिळालीत. इथे ब्रुकलिनच्या म्युझियममध्ये एक पपायरस आहे, एका इजिप्शियन घरातल्या नोकरांची यादी. त्यातली कितीतरी नावं तिकडची आहेत. कदाचित थोडेसेच लोक निघाले असतील आणि गोष्ट पुढे मोठी झाली असेल. मेबी. आम्ही 'मेबी'च्या पुढे जात नाही."

मावशी भात वाढत होत्या. म्हणाल्या, "चाळीस वर्षं तंबूत राहणारा माणूस मागे काय टाकणार? एक मडकं फुटलं तर त्याच्या तुकड्यात निखारे घेऊन जाईल." मग हसल्या. "आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्यांचं ऐक. ते म्हणे हिब्रू विसरले, पुस्तक विसरले, मोझेसपण विसरले. पण वर्षाचे हे दिवस आले की घरातलं आंबटाचं भांडं झाकून ठेवायचे, उघडायचे नाहीत. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. नंतर कुणीतरी येऊन सांगितलं, अरे हा तर पेसाह. तुमच्या शास्त्रात याला पुरावा म्हणतात की नाही?"

सावनी पहिल्यांदाच जरा हसली. "नाही म्हणत आजी. पण म्हणायला पाहिजे."

मग तिला राहवेना. "आजी, तुम्हाला दाखवते. तुम्ही घरच्या. आई, फोन खाली ठेव." तिने पेपर नॅपकिन घेतला आणि पेनाने काढायला लागली. एकाखाली एक तीन खुणा. एक मासा, एक वळलेली काठी, एक साप. कनानातल्या मजुरांनी सगळ्यात आधी जी अक्षरं केली ती अशी चित्रांसारखी होती म्हणे, सिनाईतल्या खाणींत सापडलीत, पण नाईलच्या त्या भागात सापडणं म्हणजे फार मोठी गोष्ट. शाईची टेस्ट करायला पाठवली होती, पण निकालाला अजून तीन आठवडे. आणि शाई काजळीची निघाली तरी उपयोग नाही, जुनीही काजळीची आणि नवीही काजळीची.

मी चष्मा लावून बघितलं. "अय्या, खरंच की गं मासा!" वीस वर्षं चुका काढायचा पगार घेतलेली बाई मी. "वा!" म्हटलं मी, चक्क वा म्हटलं.

मावशींनी नॅपकिन हातात घेतला. जरा तिरका केला. आणखी तिरका केला. मग खाली ठेवला आणि "भात आणते" म्हणून आत गेल्या. भात टेबलावरच होता. बाहेर आल्या त्या रिकाम्या हाताने, आणि जेवण संपेपर्यंत पानातल्या मात्झाचे नुसते तुकडे करत राहिल्या. मला वाटलं, थकल्या असतील.

सोमवारी सकाळी फोन. "सुवर्णे, उद्या सुट्टी घे. मला म्युझियमला ने."

"मावशी, उद्या आमच्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे."

"बरं. मग मी बसने जाते." मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, तीन बस बदलायच्या, आणि या बसने जाणार. घेतली सुट्टी.

मंगळवारी त्या गाडीत बसल्या तेव्हा मांडीवर प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली. हायवेला लागलो. मग समोर बघत म्हणाल्या, "ते अक्षर नाही. ती माझी शाई आहे."

"काय?"

"चारशे सोळा. मराठीत. आकडा आडवा धरलाय पोरीने."

पुढच्या एक्झिटला मी गाडी बाहेर काढली आणि एका पेट्रोल पंपाच्या कडेला लावली. मनातल्या मनात आडवा चार काढून बघितला. मासा. आडवा एक, आडवा सहा. देवा रे! पंपावरचा माणूस पेट्रोल भरायचं का विचारायला आला, त्याला मी असं "नो!" म्हटलं की बिचारा दोन पावलं मागे सरकला.

मावशींनी सांगितलं ते असं. एक्याण्णव सालची गोष्ट. शालोमकाकांची नोकरी सुटलेली, आणि मावशींना म्युझियममध्ये लागून चारच दिवस झालेले. तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, मोजा आणि नंबर घाला. मावशी मोजायच्या मराठीत. आपण सगळेच मोजतो, इथे तीस वर्षं काढली तरी पाढे मराठीतच म्हणतो. तोंडाने मोजता मोजता हातही मराठीत चालला. साडेचारशेच्या आसपास पोचल्या तेव्हा साहेब आले, ट्रेमध्ये बघितलं आणि ओरडले, "ही कुठली भाषा?" सगळे नंबर पुसून इंग्रजीत घाला, एकही राहिला तर उद्यापासून येऊ नका. मावशींनी सगळे पुसले, नव्याने लिहिले. फक्त एक ट्रे, चारशे एक ते चारशे चाळीस, त्याच्या आधीच कुणीतरी वर ठेवायला उचलून नेला होता. शाई टिकावी म्हणून वरून लॅकरचा हात फिरवायचासुद्धा राहिला होता, त्यामुळे बाकीच्यांवर नुसते पुसट डाग उरले असणार. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तेव्हा त्या खोलीची किल्ली साहेबांकडे. साहेबांनी विचारलं, सगळे झाले? मावशी म्हणाल्या, हो, सगळे झाले. पुढे ते ट्रे दुसऱ्या इमारतीत गेले, साहेब वारले, मावशी रिटायर झाल्या. आणि आता त्यातलंच एक खापर सावनीच्या हाताला लागलं होतं.

"मग रविवारीच का नाही सांगितलंत?" मी ओरडलेच. "पोरगी परवा त्या सगळ्यांसमोर उभी राहणार होती! मराठी आकडे दाखवून सांगणार होती, हे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं आहे! जन्मभर हसले असते तिला. तोंड दाखवायला जागा राहिली नसती, मावशी!"

"जीभ उचलली नाही," त्या म्हणाल्या. "जिथे पंचवीस वर्षं ताठ मानेने बसले, तिथे जाऊन सांगायचं की मी चौथ्याच दिवशी खोटं बोलले होते. रविवारची दुपार आणि आख्खी रात्र लागली मला. तू ओरड, ओरडायलाच पाहिजे."

असं म्हटल्यावर कुणाला ओरडता येतं का? मी पाणी प्यायले. मग मला आयडिया सुचली. "हे बघा, मी सावनीला फोन करते. सांगते की मी नॅपकिन बघितला होता, घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं. इंडियातून आलेल्या कुठल्यातरी स्टुडंटने लिहिलं असेल म्हणू. तुमचं नाव कशाला?"

मावशी माझ्याकडे वळल्या. "आकडा माझा आहे, मी सांगणार. तू कोण मध्ये?" आणि जरा थांबून, "तुला वाटत असेल, माझ्याच लोकांचा पुरावा, मीच बुडवते. अगं, पुराव्याशिवाय आम्ही एवढी वर्षं सण केला, अजून करू. माझ्या हातच्या खोट्यावर नाही करणार. चल, गाडी काढ."

म्युझियमच्या मागच्या खोलीत सावनी आणि तिच्या गाईडबाई होत्या. गाईडबाई उंच, करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. मावशींना बघून त्यांचा चेहरा खुलला. "मिल्का! बरं झालं आलीस. तुला दाखवायचंच होतं." त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली आणि मऊ फडक्यावर ते खापर ठेवलं.

मावशींनी भिंग लावून बघितलं. फार वेळ नाही. मग कागद मागितला, पेन मागितलं, आणि तीन आकडे काढले, सुवाच्य, शाळेत गिरवतात तसे. खापर हलकेच उचलून फिरवलं आणि कागदाच्या शेजारी ठेवलं. सरळ केल्यावर तर काय, आंधळ्यालाही दिसलं असतं.

"फोर हंड्रेड सिक्स्टीन," मावशी म्हणाल्या. आणि त्यांच्या त्या साध्या, तुटक इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. साहेब, पुसलेले नंबर, राहिलेला ट्रे, आणि 'हो, सगळे झाले' हेसुद्धा. शेवटी पिशवीतून एक वही काढली, पिवळी पडलेली. पहिल्या चार दिवसांची कच्ची वही, मराठी आकड्यांत. "नुसतं बोलून कोण ऐकणार? तुमच्याकडे पुरावा लागतो."

मी सावनीकडे बघत होते. पोरगी पांढरी पडली. कागद बघते, खापर बघते, परत कागद. मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसली, थेट फरशीवर, आणि रडायला लागली. मी धावले. "अगं सावनी, अगं राणी..."

"थँक गॉड," ती म्हणत होती. "थँक गॉड, आजी." नाक पुसत, हसत, रडत. "मला माहीत होतं काहीतरी चुकतंय. तो साप चुकीच्या बाजूला वळतो. मी सहा आठवडे झोपले नाही. सगळे एवढे एक्सायटेड होते, मला बोलताच येईना." मग उठली आणि मावशींना अशी मिठी मारली की त्यांचा चष्मा तिरका झाला. मला एवढं हलकं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, आता दहा रिलीज कोसळले तरी चालतील.

पण गाईडबाई हसल्या नाहीत. त्या वही चाळत होत्या. "प्रत्येक नंबरसमोर हे काय लिहिलंय?" मावशी म्हणाल्या, "खड्डा आणि थर." बाईंनी वही मिटली, एकदा मावशींकडे बघितलं, "मला काही फोन करायचेत," म्हणाल्या, आणि वही घेऊन निघून गेल्या.

परत येताना मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. "रागावल्या. रागावणारच. पंचवीस वर्षांच्या सगळ्या वह्या आता परत तपासायला लागतील त्यांना." मी कितीही सांगितलं तरी पटेना. पिस्कॅटवेला उतरताना म्हणाल्या, "पोरीचं टळलं ना, बास."

त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, "पुरावा कॅन्सल. तो मराठीतला चारशे सोळा निघाला." यावर एकशे बारा अंगठे आले. आधीच्यापेक्षा जास्त, मेल्या!

गुरुवारी मावशी येणारच नव्हत्या. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, नमस्कार नाही, चमत्कार नाही. "साडी नेसा. दहा मिनिटं देते." कुरकुरत नेसल्या. हॉलमध्ये सगळ्यात मागच्या रांगेत, दाराजवळ बसल्या. साठेक माणसं असतील, निम्मी पांढऱ्या केसांची.

सावनी उभी राहिली. पडद्यावर ते खापर, आडवं. "परवापर्यंत मी तुम्हाला सांगणार होते की ही अक्षरं आहेत. मासा, काठी आणि साप." मग चित्र फिरवलं. "हा चारशे सोळा आहे. माझ्या मातृभाषेत. मी पाच मृत लिप्या वाचते, ही जिवंत मला वाचता येत नाही." हॉल हसला. ती पण हसली, मोकळी, लहानपणी पत्ते जिंकल्यावर हसायची तशी. मग तिने वहीचं पान दाखवलं. चारशे एक ते चारशे चाळीस, इतकी वर्षं पत्ता नसलेली चाळीस खापरं. वही शेजारी ठेवल्यावर बाकीचे पुसट नंबरही वाचता आले, आणि आता प्रत्येकाचा खड्डा आणि थर ठाऊक. त्यातली अकरा एकाच घरातली, कनानातून आलेल्या माणसांच्या घरातली. याने काही सिद्ध होत नाही, ती म्हणाली. कोण निघालं, केव्हा निघालं, कळत नाही. पण तिथे कोण राहत होतं आणि कशात तेल ठेवत होतं, हे पूर्वीपेक्षा थोडं जास्त कळतं.

मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या, "चल, आता जाऊया. संपत आलं."

तेवढ्यात गाईडबाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि मागे वळल्या. "ही वही ज्यांनी लिहिली आणि हे आपण होऊन येऊन ज्यांनी सांगितलं, त्या बाई मागे बसल्या आहेत. मी दोन दिवस त्यांची बाकीची रजिस्टरं तपासत होते. त्या एका ट्रेशिवाय मला अजून एकही चूक सापडलेली नाही." आणि टाळ्या वाजवायला लागल्या. मग शेजारचे म्हातारे उठले, मग त्यांच्या मागचे, खुर्च्या कुरकुरत सगळा हॉल उभा राहिला आणि मागे वळून बघायला लागला.

मावशींनी माझा हात पकडला होता, नखं रुतत होती. "सुवर्णे," त्या म्हणाल्या, "चौतीस वर्षं मला वाटायचं, हे कळलं की सगळे उठतील ते मला बाहेर काढायला."

माझ्या डोळ्यांतून नुसतं पाणी. शेवटी कसंबसं म्हटलं, "मावशी, उठा आता तुम्हीपण. सगळे थांबलेत." आणि त्या उठल्या.